पुढची सीट

माझ्या बाबांनी शहादा ते तोरणमाळ अशी प्रवासी जीप बत्तीस वर्षं चालवली आणि माझ्या आईने तोरणमाळ पाहिलेलं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. मला त्याचं हसू कधी आलं नाही, रागच आला.

जीपवाल्यांच्या घरात त्यामागचं कारण सगळ्यांना पाठ असायचं. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही. भरली की घरच्या माणसाला जागा नाही. आणि भरायच्या आधीच घरचं माणूस चढून बसलं तर बोहणी बिघडते. म्हणजे घरच्यांसाठी गाडी कधीच नाही. शहाद्याला आमच्या गल्लीत पाच-सहा जीपवाले राहायचे, त्यांतल्या एकाच्याही बायकोने घाटावरचं तोरणमाळचं तळं पाहिलेलं नव्हतं. दुपारी ओट्यावर गहू निवडताना त्या घाटातल्या वळणांबद्दल तोंड भरून बोलायच्या. सगळं नवऱ्यांकडून ऐकलेलं.

आई एकदा गेली होती, पण अर्ध्या वाटेपर्यंत. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. कसं कोण जाणे, बाबा कबूल झाले. आईने दशम्या बांधल्या, लग्नातलं लुगडं नेसली आणि मला मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी पुढे बसली. पुढची सीट म्हणजे मानाची. तिथे गुरुजी बसायचे, ग्रामसेवक बसायचे. घाटाच्या पायथ्याशी एक साहेब उभे होते, त्यांची गाडी बंद पडली होती. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि तिला म्हणाले, संध्याकाळी उतरताना घेतो तुम्हाला. आम्ही उतरलो. दिवसभर चहाच्या टपरीमागे एका मोहाच्या झाडाखाली बसून राहिलो. दशम्या खाल्ल्या. आईने मला चार-पाच गोष्टी सांगितल्या, मग त्याच पुन्हा सांगितल्या. संध्याकाळी बाबा आले, आम्ही घरी गेलो, आणि त्यानंतर आईने पुन्हा कधी विचारलं नाही.

आता जीप विकून बरीच वर्षं झाली. आई-बाबा नंदुरबारला माझ्या मोठ्या भावाकडे असतात. मीही नंदुरबारलाच राहते, शाळेत इतिहास शिकवते. मागच्या थंडीत भावाची मुलगी कॉलेजच्या सहलीहून आली आणि आजीला मोबाइलवर फोटो दाखवत बसली. आईने एक फोटो पुढे जाऊ दिला नाही. विचारलं, "हाई तळं कोठलं शे?"

"आजी, तोरणमाळ. आपल्या आजोबांचं तोरणमाळ."

आईने मोबाइल नाकाजवळ धरला आणि बराच वेळ तशीच बसली. मी समोरच होते. त्याच वेळी मी ठरवलं, हिला वर न्यायचं, आणि पुढच्या सीटवर बसवून न्यायचं.

भाऊ म्हणाला, "घाटात गाडी चालवणं म्हणजे बाजारात जाऊन भाजी आणणं नाही." त्याला स्वतःला घाटात भोवळ येते, हे तो विसरला होता. मी म्हटलं, येत्या रविवारी जाणार, तू आडवा आलास तरी जाणार. मग त्याने मधला मार्ग काढला. बाबांना सोबत पाठवायचं. बाबा तर टोपी घालून तयारच होते.

रविवारी सकाळी मी गाडी दारात लावली. आई खाली आली, कुणी काही बोलायच्या आत मागचं दार उघडलं आणि पिशव्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी म्हटलं, आई, पुढे ये. ती म्हणाली, "माले मांगेच बरं." बाबा पुढे बसले, पट्टा लावला, आरसा स्वतःच्या बाजूला वळवून घेतला. मी तो परत माझ्याकडे वळवला. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, आणि ती बाबांपेक्षा आईमुळे जास्त. सत्तरीला आलेली बाई, जिच्यासाठी सगळी यातायात, ती आपणहून मागे जाऊन बसते. पण दारात तमाशा नको म्हणून मी गाडी काढली.

गावाबाहेर मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्या लागल्या. दोन्ही बाजूंना शेतंच्या शेतं लाल झालेली, बायका तोंडाला पदर बांधून मिरची उलथत होत्या. काचा खाली होत्या, आम्ही तिघंही शिंकत सुटलो. पहिल्यांदाच आई हसली. बाबा म्हणाले, "काच वर कर, आन गाडी दाब." मी काच खालीच ठेवली.

प्रकाशा गावाला तापीच्या पुलावरून पाणी दिसलं तसे आईने हात जोडले. तिथे थांबायचं मी ठरवूनच ठेवलं होतं. दगडी देवळं, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या, गोमाईचं पाणी तापीला मिळतं ती जागा. तिथल्या टेकाडात हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा सापडल्यात, हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर शिकवते. आईला पायरीवर बसवून मी सांगायला लागले, की इथे किती जुने लोक राहायचे, त्यांची मडकी कशी होती. ती मन लावून ऐकत होती. तिने विचारलं, चुली सापडल्या का. मी सांगणार तेवढ्यात वरून बाबांचा आवाज आला, "पाच मिनिटं झाली."

मी म्हटलं, "बाबा, आपण सहलीला आलोय."

"सहल शे ते ठीक शे. पन थांबा पाच मिनिटंच ऱ्हास."

जीपच्या थांब्याला पाच मिनिटं, ही त्यांची सवय. चुलीचं उत्तर तसंच राहिलं आणि आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. मी मुद्दाम पायऱ्या हळूहळू चढले.

शहाद्याला चौकात बाबांनी मान खिडकीबाहेर काढली. त्यांचा जुना थांबा आता मोबाइलच्या दुकानासमोर आला आहे. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं, तरी त्यांनी हात वर केला. मला वाईट वाटलं त्यांच्यासाठी. हा माणूस वाईट नाही, हे मला इथे लिहायलाच हवं. डोंगरातली किती आजारी माणसं त्यांनी फुकट खाली आणली असतील. आम्हाला दोघांना शिकवलं ते त्याच जीपवर. पण हे सगळं खरं असलं तरी ती मोहाखालची दुपार खोटी होत नाही, आणि दोन्हींची वजाबाकी करायला मी काही तयार नाही.

मधे मोठा रस्ता सोडून आम्ही उनपदेवला गेलो. डोंगराच्या कुशीत गरम पाण्याचा झरा आहे. आईने लुगडं वर खोचलं, पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटले. तिचे गुडघे गेली काही वर्षं कुरकुरतात. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं वाटस." मीही शेजारी बसले. चांगली दहा मिनिटं आम्ही पाण्यात पाय हलवत राहिलो.

मग हॉर्न वाजला. बाबा गाडीतच बसले होते, चावी त्यांच्याकडे राहिली होती, आणि बाजूच्या सीटवरून हात लांब करून ते हॉर्न देत होते. दोन लहान, एक लांब. गाडी सुटतेय, असा त्याचा अर्थ. आमच्या घरातल्या प्रत्येकाला तो कळतो. मी उठायला लागले. आईने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"वाजू दे," ती म्हणाली.

परत दोन लहान, एक लांब. आईने पाय आणखी खोल सोडले. माझ्या अख्ख्या आयुष्यात त्या हॉर्नला ती जागची हलली नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं. नंतर गाडीत आल्यावर बाबांनी विचारलं, ऐकू आलं नाही का. आई म्हणाली, आलं. आणि मागे जाऊन बसली.

म्हसावदला बाजार होता. गर्दीमुळे गाडी हळू झाली आणि मला काही कळायच्या आत बाबांनी खिडकीतून ओरडायला सुरुवात केली, "तोरणमाळ, चला तोरणमाळ, दोन सीट खाली!" मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते काही चेष्टा करत नव्हते. रिकामी सीट घेऊन घाट चढायचा ही गोष्ट त्यांच्या हाडात बसतच नाही. दोन पावरा आदिवासी बायका, एक म्हातारी आणि एक तिची सून, डोक्यावर किराण्याची पोती घेऊन उभ्या होत्या. म्हातारीने बाबांना ओळखलं. "डायवर भाऊ," असं म्हणाली आणि दार उघडून बसलीसुद्धा. आमच्या पिशव्या डिकीत गेल्या, त्यांची पोती पायाशी आली आणि माझी आई तिच्याच सहलीत मागच्या सीटवर मधोमध चेपून बसली.

मी काय बोलणार होते? बायकांना उतरवणं शक्य नव्हतं. वर जाणारं दुसरं काही मिळायला त्यांना किती थांबावं लागलं असतं, ते मला माहीत आहे. म्हणून मी दात आवळून गाडी चालवत राहिले. आईची आणि म्हातारीची मात्र लगेच गट्टी जमली. गुडघ्यांवरून सुरुवात झाली, तेलावर गाडी आली. मग म्हातारीने आईकडे बोट करून बाबांना विचारलं, ही कोण तुझी?

"मन्ही घरवाली," बाबा ऐटीत म्हणाले.

म्हातारीने आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इतलं वरीस तुन्ही गाडीमा बठनू," ती म्हणाली, "हिले कधी नही दखं."

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं. बाबांनी रस्त्यावर काहीतरी दिसल्यासारखं केलं. मी आरशात पाहिलं तर आई सरळ समोर बघत होती, बाबांच्या टोपीकडे.

राणीपूर मागे पडलं. सागाची झाडं दाट व्हायला लागली, समोर डोंगर उभा राहिला. घाट सुरू व्हायच्या जरा अलीकडे आई म्हणाली, "गाडी उभी कर." मला वाटलं, मळमळतंय. मी कडेला घेतली. सुनेला उतरावं लागलं तेव्हा आई बाहेर पडली. तिने पदर नीट केला, गाडीला वळसा घालून आली आणि पुढचं दार उघडलं.

"उतरा," ती बाबांना म्हणाली.

"काय व्हयनं?"

"माले पुढे बठनं शे."

बाबांना आधी ते समजलंच नाही. मग त्यांनी आवाज मऊ केला, प्रवाशांशी बोलताना करायचे तसा. "आते घाट लागना. पोरले वळनं सांगनं पडतीन. घाट संपना का मंग बठ ना तू."

"घाट संपना का मंग काय दखू?" आई म्हणाली. "मांगे बठीसन बी सांगता येस."

"आगं, मी बत्तीस वरीस—"

"म्हनीसनच. तुमनं दखेल शे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी न्याय करावा असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी इंजिन बंद केलं, चावी काढली आणि मुठीत धरली. म्हटलं, "माय पुढे बठाशिवाय गाडी हालनार नही." घरी मी त्यांच्याशी शाळेच्या मराठीत बोलते. हे माझ्या तोंडून असं का आलं, माहीत नाही. पन्नाशीची बाई मी, वर्गात साठ पोरांना गप्प करते, पण बापाला नाही म्हणताना छाती धडधडत होती.

मागून एक टेम्पो आला, थांबला, हॉर्न द्यायला लागला. त्यातले लोक बघत होते. आई दार धरून उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही, बाजूला सरकली नाही. बाबांनी पट्टा काढला आणि उतरले.

म्हातारी मधे सरकली, सून एका कडेला आणि बाबा दुसऱ्या कडेला, मांडीवर किराण्याचं एक पोतं. आई पुढे बसली. तिला पट्टा लावता येईना, मी लावून दिला. तिने दोन्ही हात समोरच्या डॅशबोर्डवर ठेवले.

मग घाट सुरू झाला. पहिल्या वळणालाच मागून सूचना आल्या, "हॉर्न दे. दुसरा गेर टाक. उतरनारी गाडीनी थांबवानं, तू थांबू नको." मी सगळं ऐकलं, कारण सगळं बरोबर होतं. दरी एकदा डाव्या हाताला यायची, एकदा उजव्या. खाली पाडे दिसत होते, कुडाची घरं, त्यांच्याभोवती काढणी झालेली लहान लहान शेतं, डोंगराच्या घड्यांमागे आणखी डोंगर. आई एकेका ठिकाणी बोट करून विचारायची, ते काय. बाबा मागून सांगायचे. तो अमका पाडा, तिथली बाई जीपमध्येच बाळंत झाली. ते कडेचं झाड, तिथे पावसात दरड आली आणि रात्र काढली.

"ते माहीत शे," आई म्हणायची. "झाड हाई शे, ते माहीत नव्हतं."

तिला सगळ्या गोष्टी पाठ होत्या. बत्तीस वर्षं रात्रीच्या जेवणाबरोबर तिने त्या ऐकल्या होत्या, आता एकेक गोष्ट ती जागेवर नेऊन बसवत होती. माझा राग थोडा निवळायला लागला होता, हे कबूल करते.

वरच्या वळणांवर मागचा आवाज बंद झाला. आरशात पाहिलं तर बाबांचा चेहरा उतरलेला, कपाळावर घाम. ज्या माणसाने घाटात ओकणाऱ्या प्रवाशांची जन्मभर टर उडवली, त्याला मागच्या सीटवर घाट लागला होता. म्हातारीने कनवटीला खोचलेलं लिंबू काढून त्यांच्या हातात दिलं.

"थोडा येळ पुढे बठू दे," बाबा बारीक आवाजात म्हणाले.

आईने मान वळवली नाही. "लांब दखा," ती म्हणाली. "लांब दखं का मळमळ थांबस." हा सल्ला बाबांचाच, ते सगळ्या प्रवाशांना द्यायचे. मला हसू आवरेना. मागे म्हातारीही हसली. बाबांनी लिंबू हुंगत लांब बघायला सुरुवात केली.

वर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. बायका पोती घेऊन उतरल्या, म्हातारीने आईच्या दंडाला हात लावला आणि पायवाटेने निघून गेल्या. तळ्यावर आम्ही भाकरी खाल्ली. आईने तळ्यात पाय धुतले, चेहरा धुतला. पाणी निळंशार होतं, वारा गार होता. फोटोत दिसलं तसंच आहे का, मी विचारलं. ती म्हणाली, फोटोत लहान दिसतं. बाबांना आता बरं वाटत होतं. ते समोरच्या टपरीवर कुणा ओळखीच्याशी बोलत उभे होते.

शेवटी सीताखाई. जमीन एकदम संपते आणि खाली इतकं खोल की तळाची झाडं हिरव्या शेवाळासारखी दिसतात. कठड्याशी आई उभी राहिली. मी तिच्या एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला, थोडे मागे. मी वाट बघत होते. तिला आनंद होईल, कदाचित डोळ्यांत पाणी येईल, आणि मला कुठेतरी शाबासकी मिळेल, असं माझ्या मनात होतं.

ती खूप वेळ दरीकडे बघत राहिली. मग वळली ती आम्ही आलो त्या रस्त्याकडे. तिचा चेहरा कडक झाला होता.

"इतलंच दूर व्हतं?" तिने विचारलं.

माझ्याकडे गाडी येऊन चार वर्षं झाली होती. शाळेतल्या बायकांबरोबर मी दोनदा सापुताऱ्याला जाऊन आले होते. इथे यायला एक सकाळ लागते, हे मलाही माहीत होतं.

बाबांनाही ते आठवलं असावं. ते खाकरले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिनी बी चार वरीस पासून गाडी शे."

"तिले घर जाईसन बोलसू," आई म्हणाली. "आते तुम्हले सांगस."

ती त्यांच्याकडे पूर्ण वळली. आवाज चढवला नाही. ती इतकं सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून बोलताना मी कधी पाहिलेली नव्हती.

"पोरनी एक सकायमा आनं माले," ती म्हणाली. "तुम्हले जनम पुरना नही."